गोदाकाकीच्या बरणीचा दादरा

गोदाकाकीची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तिनं माझ्या उजव्या हाताचा वास घेतला.

नाव नाही, गाव नाही, कुठून आलात नाही. भिवंडीत नारपोलीतल्या भाड्याच्या खोलीत आमचं सामान उतरत होतं. मी गॅसची शेगडी पोटाशी धरून दारात उभा. शेजारच्या कौलारू घरातून एक ठेंगणी, नऊवारी खोचलेली बाई तरातरा आली. तिनं माझ्या हातातली शेगडी काढून खाली ठेवली, माझा पंजा धरून नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले. मला वाटलं, इकडं नव्या माणसाचं स्वागत असंच करत असावेत. म्हणून मीही डोळे मिटले.

"कैरीचा वास न्हाय," ती म्हणाली. मी निःश्वास सोडणार तोच पुढं म्हणाली, "साबनाचा हाय. सामान उचलायच्या टायमाला साबन कशाला लावलास?"

तिच्या झाडाची एक कैरी सकाळपासून दिसत नव्हती. आम्ही दुपारी आलो होतो, ही गोष्ट माझ्या बाजूनं चांगलीच भक्कम होती. मी ती नम्रपणे मांडायला गेलो, "अहो काकी, आम्ही तर आत्ताच..."

काकी मागं वळली आणि दारात उभ्या असलेल्या आपल्या मुलाला, महेशला म्हणाली, "अहो म्हनतो. म्हंजे कायतरी मागायचं असनार."

त्या दिवसापासून मी तिला अगं-तुगं करू लागलो आणि तिनं माझं नाव रेडिओ ठेवलं. मी बोलायला लागलो की बंद होत नाही, म्हणून. नावात अन्याय काहीच नव्हता.

काकीचं घर म्हणजे एक गंमतच होती. डावीकडं अन्सारीचाचांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना, उजवीकडं आमची चाळ, समोर आणखी लूम. दिवसभर खटखट खटखट. मधोमध हे घर आणि त्याच्या मागं काकीची वाडी. वाडी म्हणजे काय, एक रायवळ आंबा, एक शेवगा, एक लिंबू, कारल्याचा मांडव, चार वाफे गवार आणि मिरच्या. पण नारपोलीत एवढा हिरवा तुकडा म्हणजे सगळ्या जगाचा त्यावर डोळा असणारच, असा काकीचा ठाम समज होता. नवरा गेल्यावर ही वाडी तिनं एकटीनं राखली होती. राखली हा शब्द मी जपून वापरतोय. इतर लोक बाग करतात, काकी पहारा करायची. वाढत्या कैऱ्यांना ती चुन्याचं बोट लावून ठेवायची. का, तर बाजारात कुणाच्या पाटीत चुन्याची कैरी दिसली तर चोर तिथंच धरता यावा.

होळी झाली की तिचा खरा मोसम सुरू व्हायचा. कारल्याच्या चकत्या, गवारीच्या शेंगा, आंबोशी, ताकातल्या मिरच्या, सगळं पत्र्यावर वाळत पडायचं. लूममधून कापसाचं तूस उडतं, म्हणून वर पातळ कापड. पण कापडाखाली काय चाललंय, हे तिला कसं कळणार? त्यावर काकीनं आपली युक्ती काढली होती. ती कारल्याच्या चकत्या रांगोळीसारख्या मांडायची. मधे कमळ, भोवती वेल. एक चकती जरी हलली तर पाकळी मोडलेली लगेच दिसायची. एकदा पाकळी मोडली. सगळी आळी जमली. मी म्हणालो, "काकी, कावळ्यानं नेली, मी बघितलं."

"कंचा कावळा?"

"कावळा गं. काळा."

"तो काय माझ्या घरचा हाय? अन्सारीच्या पत्र्यावर बसतो तो रोज. त्याला हिकडं पाठवला कोनी?"

भिंतीपलीकडून अन्सारीचाचांचा आवाज आला, "अरे बहन, कौवा मेरा नौकर है क्या?"

"मी कोनाचं नाव घेत न्हाय," काकी म्हणाली. हे तिचं आवडतं वाक्य. ते म्हटल्यावर ती नेहमी एखादं नाव घ्यायची. दुसरं आवडतं वाक्य होतं, "बघून ठेवलंय मी." काय बघून ठेवलंय, कुठं ठेवलंय, ते कधी कुणाला कळलं नाही. पण ती तसं म्हणाली की माझ्यासारखा निर्दोष माणूसही आपले खिसे चाचपायचा.

एकदा महेशनं वैतागून पत्र्याच्या कोपऱ्यात कॅमेरा बसवला. फोनवर सगळं दिसतं म्हणाला. काकीनं दोन दिवस कॅमेऱ्याकडं टक लावून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यावर पिशवी घातली. "त्याच्या आतून कोन बघतं, ते सांग आधी," ती महेशला म्हणाली. महेशनं कॅमेरा काढून ठेवला. खरं सांगायचं तर ते मलाही अजून माहीत नाही.

आता बरण्या. चिनीमातीच्या, पांढऱ्या-तपकिरी, तिच्या सासूच्या वेळच्या. कैरी झाडावरून उतरवायची ती काकी स्वतः खाली उभी राहून. मोहरी कुटायची घरात, दार लावून. तेल गावातल्या घाण्यावरून, आणि तेही डोळ्यांसमोर गाळलेलं. घाणेवाला तिला एवढा ओळखून होता की ती दिसली की आधी स्टूल पुढं करायचा, मग नमस्कार. लोणचं बरणीत भरलं की तोंडावर दादरा, म्हणजे सुती फडकं घट्ट बांधायचं, त्यावर झाकण. आणि दादऱ्याच्या गाठीवर काकी मोहरीचा एक दाणा ठेवायची. दाणा पडला, म्हणजे कुणीतरी हात लावला!

तुम्ही भिवंडीत राहिला नसाल तर सांगतो, लूम चालू असताना आमच्याकडं भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा थरथरतं. दाणा रोज पडायचा. रोज सकाळी काकी अंगणात उभी राहून विचारायची, "काल कोन आलं होतं?" आणि काल आलेलं माणूस दुसऱ्या कामाला निघून जायचं. नंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकदा तिला लूमच्या हादऱ्याचं समजावून सांगितलं. काकीनं शांतपणे ऐकलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझी बायको लूमवाल्यांची बाजू का घेते?"

एवढं असून सगळी आळी तिला सांभाळून का घ्यायची? सांगतो. पावसाळ्यात भाजी महाग आणि मिळमिळीत होते त्या दिवसांत तुम्ही जेवायला बसलात की काकी दारात यायची. हातात वाटी नाही, डबा नाही, फक्त चमचा. चमच्यात कैरीची एक फोड, लालभडक तेलात निथळणारी. ती तुमच्या ताटात वाढायची आणि तिथंच उभी राहायची. वाटीत द्यायची नाही, कारण तुम्ही ती दुसऱ्याला दिलीत तर? तुम्ही फोड तोंडात घातलीत की ती तुमच्या चेहऱ्याकडं बघायची. माझे डोळे आपोआप मिटायचे. फोड दाताखाली कर्रकन वाजायची, मग आंबट, मग तिखट, मग मोहरीची झणझण थेट टाळूत. काकी म्हणायची, "डोळं कशाला मिटतोस? मना दिसू दे, खरंच आवडलं का." आणि चमचा घेऊन पुढच्या घरी. अशी ती आळीभर फिरायची. असा संशयी दानशूर मी दुसरा पाहिला नाही.

आणि मग महेशचं लग्न झालं.

मुलगी वडप्याची, सारिका. वडील पूर्वी शेती करायचे, आता त्यांच्या शेताभोवती गोदामं उभी राहिलीत आणि ते त्यातल्याच एका गोदामाच्या गेटवर बसतात. मुलगी कॉलेज केलेली, कामाला चपळ आणि हसरी. महेश गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा, तिथंच ओळख झाली. काकीनं लग्नाला हरकत घेतली नाही. पण पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "रेडिओ, पोरगी हसते लय."

"मग चांगलंच आहे की."

"एवढं हसन्यासारखं आमच्या घरात हाय काय?"

सून आल्यावर काकीनं तिला सगळं घर दिलं. स्वयंपाक दिला, धुणं दिलं, पाणी दिलं. बरण्या दिल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात तिनं एक नवा कायदा केला. आधी ती दादऱ्याला महेशच्या बापाच्या जुन्या धोतराची फडकी वापरायची, स्वतः धुऊन, उन्हात कडक वाळवून. आता घरातलं धुणं सून धुते, म्हणजे फडक्याला सुनेचा हात लागणार. तेव्हा काकी गेली अन्सारीचाचांकडं आणि लूमवरून नुकतं उतरलेलं कोरं कापड फाडून आणलं. आमच्याकडं त्याला ग्रे म्हणतात. न धुतलेलं, कुणी न हाताळलेलं, थेट ताग्यातून बरणीवर.

"आता कोनाचा हात न्हाय," ती समाधानानं म्हणाली.

आषाढात बरणी उघडली तर वरच्या फोडींवर पांढरी, कापसासारखी बुरशी. काकीचं लोणचं नासलं! आळीत कुणी मेलं असतं तरी एवढी शांतता पसरली नसती.  काकी नुसती सुनेकडं बघत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात तिनं मीठ वाढवलं, तेल वाढवलं, दादरा दुहेरी केला, दोन्ही पदर कोऱ्या कापडाचे. आणि पुढच्या आषाढात पुन्हा तेच.

आमच्या आळीत सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा सगळ्या बायका तिथं असतात. त्या सकाळी काकी हंडा न घेताच आली आणि नळाजवळ उभी राहिली. मी दात घासत दारात होतो, म्हणून प्रत्येक शब्द ऐकला.

"मी कोनाचं नाव घेत न्हाय," काकी म्हणाली. "पन तीस वरसं माझं लोनचं नासलं न्हाय. माझ्या घरात बायामानसं दोन. एक मी."

सगळ्यांना कळलं ती काय म्हणतेय. अडचणीच्या दिवसांत बाईनं लोणच्याच्या बरणीला हात लावला तर ते नासतं, असं आमच्याकडं अजून मानतात. ज्या मानत नाहीत, त्याही लावत नाहीत. आणि मुद्दाम लावला असं कुणाबद्दल म्हणणं म्हणजे साधी तक्रार नव्हे. पाणी नुसतं वाहत राहिलं, कुणी हंडा पुढं सरकवेना.

सारिका तिथंच होती. तिनं भरलेली कळशी खाली ठेवली. ती हसत नव्हती.

"आई, मी बरणीला हात लावलेला नाही. अडचणीतही नाही आणि एरवीही नाही. तुम्ही लावूच कुठं देता?"

काकी म्हणाली, "बघून ठेवलंय मी."

"मग नीट बघा," सारिका म्हणाली. तासाभरात ती पिशवी भरून अंगणात उभी होती. नंदा तिला धरू बघत होती, महेश डोक्याला हात लावून ओट्यावर बसला होता. सारिका सासूला म्हणाली, "मी वडप्याला जाते. मी खोटी असेन तर मला बोलवू नका. तुम्ही खोट्या निघालात तर महेशला पाठवू नका. तुम्ही या."

ती गेली. महेश दोन-चार दिवस आईशी बोललाच नाही. मग एका सकाळी ड्युटीला निघताना एवढंच म्हणाला, "आई, माझं काम तिकडंच हाय. श्रावन संपला की मी पन वडप्यालाच खोली बघतो." काकी कारल्याचा वेल बांधत होती. तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. पण त्यानंतर काकी दुपारची ओट्यावर बसायची ती नुसती बसायची. कावळा आला तरी तिनं विचारलं नाही, कुणाचा म्हणून.

तिच्याकडं अजून दोन बरण्या शिल्लक होत्या, न उघडलेल्या, तिच्या हातच्या गाठी जशाच्या तशा. तिनं त्या लोखंडी कपाटात ठेवल्या, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. सगळा विचार तिनं मला उलगडून सांगितला. घरात आता सून नाही. कपाटाला कुलूप. या बरण्या चांगल्या निघाल्या की पोरगीच खोटी, आणि मग महेशलाही तोंड उरणार नाही. मी म्हणालो, "आणि नासल्या तर?"

"कशा नासतील?" ती म्हणाली. पण मला दिसलं, तिचा हात किल्लीवर गेला होता.

एका शुक्रवारी मला सुट्टी होती. दुपारी तिनं मला हाक मारली. "रेडिओ, ये. पंच म्हनून ये. आनि तोंड बंद ठेव." शुक्रवारी आमच्याकडं लूम बंद असतात. अशी शांतता नारपोलीत आठवड्यातून एकदाच मिळते, आणि काकीनं नेमकी तीच निवडली होती. तिनं मला कुलूप ओढून बघायला लावलं. किल्ली मलाच फिरवायला लावली. दोन्ही बरण्या ओट्यावर उजेडात आणल्या, झाकणं काढली, गाठी सोडल्या.

दोन्हींच्या तोंडाशी पांढरा कापूस.

मी पंच होतो, बोलायची बंदी होती, म्हणून मी आकाशाकडं बघितलं.

"तू," काकी म्हणाली.

"काकी, कुलूप होतं."

"महेश?"

"किल्ली तुझ्या कमरेला."

"अन्सारी."

"भिंतीतून?"

"त्याच्या लूमनं भिंत हालते."

"काकी, भिंत हलते, माणूस आत येत नाही."

 काकी उठून घरात गेली आणि डबे उचकू लागली. अजूनही तिला काहीतरी पुरावा हवा होता, सारिकाची एखादी वस्तू, एखादी पुडी, काहीही. तांदळाच्या डब्यामागून तिनं एक लहानशी काचेची बरणी काढली आणि ओट्यावर आणून ठेवली. ती सारिकाची होती. वाऱ्यानं पडलेल्या, काकीनं टाकून दिलेल्या कैऱ्यांचं लोणचं तिनं आपलं आपल्यापुरतं घातलं होतं. काकीचाच मसाला, काकीचंच तेल. वर दादरा म्हणून जुन्या ओढणीचा, धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा.

काकीनं तो सोडला. आतलं तेल आरशासारखं लखलखीत. बुरशीचा ठिपका नाही. तिनं फोड काढली आणि खाल्ली. कर्रकन आवाज झाला, तो मला ऐकू आला.

"हे चांगलं कसं?" ती स्वतःशीच म्हणाली. मी पहिल्यांदाच बघत होतो, तिच्या आवाजात संशय होता आणि तो घ्यायला तिच्याकडं कुणी उरलं नव्हतं.

तिनं दोन्ही फडकी मांडीवर घेतली. एका हातात ओढणीचा तुकडा, दुसऱ्या हातात कोऱ्या ग्रेचा. बोटांनी चोळले. कोरा तुकडा कुरकुरला. तिनं त्याचा वास घेतला, पुन्हा घेतला. मग कोऱ्या ताग्याचा उरलेला तुकडा आणून तिनं परातीतल्या पाण्यात बुडवला आणि पिळला. पाणी पांढरट झालं, थेट भाताच्या पेजेसारखं. सूत तुटू नये म्हणून लूमवर चढवण्याआधी त्याला खळ लावतात. ही खळ आमच्या आळीतल्या पोरांनाही माहीत असते. सायझिंगच्या कारखान्यांवरून गेलं की तिचा आंबूस वास येतो.

"ही पेजच हाय," काकी म्हणाली. "मी लोनच्याच्या तोंडावर पेज बांधून ठेवली. पावसाळ्यात ती नासनार न्हाय तर काय व्हनार?"

मी बोलायचं नव्हतं, तरी बोललो. "काकी, तुला वास कसा नाही आला? माझ्या हातावरचा साबण तुला कळतो."

"ह्यो वास मना कदी येतच न्हाय, रेडिओ," ती म्हणाली. "मी ह्यातच जन्मले."

तिनं परातीतलं पाणी अंगणात ओतून दिलं. मला तिचं सांत्वन करता येईना आणि गंमतही करता येईना, असा माझ्या आयुष्यातला तो एकमेव प्रसंग. मग तिनं विचारलं, "तुझी स्कूटर चालू हाय का?"

मी वडप्याला गोदामातच कामाला आहे. त्या रस्त्यावरून रोज जातो, पण तशी फेरी पुन्हा होणे नाही. मागच्या सीटवर काकी, तिच्या मांडीवर नासलेली बरणी. दोन्ही बाजूंना कंटेनर. प्रत्येक ट्रक बाजूनं गेला की ती माझ्या पाठीत ढोसायची, "त्यो मुद्दाम जवळून गेला. नंबर बघ." मी नंबर बघितल्यासारखं करायचो.  मधेच म्हणाली, "ती दार उघडनार न्हाय." मी म्हणालो, "उघडेल." तर म्हणाली, "तुला काय माहीत? तू तिच्याशी फोनवर बोलतोस काय?"

दार उघडंच होतं. सारिकाची आई अंगणात भांडी घासत होती. तिनं विहिणीकडं बघितलं, बरणीकडं बघितलं आणि पदर सावरत उभी राहिली. "विहीनबाय, हे काय आनलंय?" तिच्या आवाजातला संशय ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं.

काकीनं बरणी ओट्यावर ठेवली. सारिका आतून बाहेर आली आणि दाराच्या चौकटीशीच थांबली.

"चोर घावला," काकी म्हणाली.

"कोण?"

"कापड. कोऱ्या कापडाला खळ असते. त्यानं नासलं."

"कापड बरणीवर कुणी बांधलं?"

मागच्या गोदामात एक ट्रक मागं येत होता, त्याचं टूं टूं चालू होतं. ते थांबेपर्यंत काकी थांबली. मला वाटतं, तिला ते संपूच नये असं वाटत होतं.

"मी," ती म्हणाली.

सारिकानं मान हलवली. रागानं नाही, पण हसलीही नाही. "आई, मला हे इथं नका सांगू. मला तुम्ही नळावर बोललात. नळावर सांगा. मग मी येते."

काकीनं बरणी पुन्हा उचलली. विहिणीनं चहाचा आग्रह केला, तिनं घेतला नाही. परतीच्या वाटेवर ती एकच वाक्य बोलली. "रेडिओ, तू आधी बोलायचं न्हाईस. माझं मी सांगीन." तुम्हाला वाटेल हे मला जमलं नसेल. जमलं. फक्त नंदाला सांगितलं, तेही अर्धंच.

दुसऱ्या सकाळी मी दात घासायला पाणी यायच्या आधीच दारात उभा होतो. काकी आली. कडेवर बरणी. ती तिनं नळाच्या कट्ट्यावर ठेवली, दादरा सोडला आणि बाजूला झाली, म्हणजे सगळ्यांना आत बघता यावं.

"आज मी नाव घेते," ती म्हणाली. "गोदावरी. लोनचं मी नासवलं. सुनंचा हात लागू नये म्हनून मी न धुतलेलं कापड बांधलं, आनि त्या कापडाची खळ नासली. तिनं हात लावला न्हवता. तिनं बांधलेली बरनी घरात हाय, या आनि खाऊन बघा. दोन वरसं मी तिच्यावर नजर ठेवली. माझ्यावर ठेवायला पायजे हुती."

 कोपऱ्यातल्या शकूवहिनीनं, जिच्या भाजीच्या पाटीवर काकीनं कैऱ्यांवरून कैक वेळा संशय घेतला होता, तिनं संधी साधली. "मग काकी, आता तुझ्यावर नजर ठेवायची कोनी?"

"सारिका ठेवील," काकी म्हणाली. "म्हनून तर तिला आनायला चाललेय."

सारिका आली. पण काकी सुधारली असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही माझं एवढा वेळ ऐकलंच नाही. काकी तसूभर बदलली नाही. फरक एवढाच झाला की आधी आमच्यावर एकटी संशय घ्यायची, आता दोघी घ्यायला लागल्या. काकी म्हणायची, "काल कोन आलं होतं?" आणि सारिका आतून सांगायची, "भावजी आले होते, साखर मागायला. डबा हातात घेऊन." मग दोघी माझ्याकडं बघायच्या. पुढच्या उन्हाळ्यात अन्सारीचाचांचं कापड सारिकानं आधी गरम पाण्यात घातलं, खळ पूर्ण जाईपर्यंत धुतलं, उन्हात कडक केलं. काकी शेजारी बसून प्रत्येक पाण्याचा रंग बघत होती. तिनं कापडाला हात लावला नाही. "तिलाच करू दे," मला म्हणाली. "मी केलं तर मना पुन्हा माझाच संशय यायचा."

मागच्या थंडीत तिला दवाखान्यात ठेवलं. श्वास लागायचा. आम्ही सगळे गेलो होतो. नर्सबाई सलाईनची बाटली घेऊन आली तर काकीनं दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. "हे कशाचं पानी?" नर्सबाईनं सांगितलं. "कोनी भरलं?" नर्सबाईनं सांगितलं, कंपनीतून येतं, बंद असतं. काकीला ते मुळीच पटलं नाही. डॉक्टर आले, महेशनं विनवलं, मी दोन विनोद केले. काकीनं भिंतीकडं तोंड केलं.

मग सारिका बाहेरून औषधं घेऊन आली. काकीनं मान वळवली. बोलायला दम नव्हता, म्हणून नुसती बोटानं बाटली दाखवली.

सारिकानं बाटली नर्सबाईच्या हातातून घेतली. खिडकीच्या उजेडात धरली. उलटी केली, सुलटी केली. तारीख वाचली. बुचाभोवती बोट फिरवलं, फट आहे का ते बघितलं. नर्सबाई ताटकळली होती, पण सारिकानं घाई केली नाही.

"बरोबर आहे, आई," ती म्हणाली. "मी बघितलंय."

तेव्हा काकीनं पदराखालून हात बाहेर काढला आणि नर्सबाईपुढं धरला.